फोन धरलेला हात

गंगावेशीत पहाटे म्हशीला माझा धक्का लागला
आणि मी म्हणालो, सॉरी.
कट्ट्यावरची चार माणसं हसली.
म्हैस हलली नाही.
सर्जेराव म्हणाला, "भाऊ हाय आमचा, कॅनडातनं आलाय,"
जसं लहान पोराच्या अंगावरच्या पुरळाचं
कारण सांगतात पाहुण्याला.

"किती दिवस?" दूधवाल्यानं धार न थांबवता विचारलं.
हा प्रश्न मला पाठ आहे.
याचं उत्तर दर खेपेला आकड्यात असायचं:
सतरा दिवस, बावीस दिवस,
आईच्या तेराव्याला आलो तेव्हा अकरा.
"आता कायमचा," मी म्हणालो.
त्यानं मान वर केली.
माझ्या चेहऱ्यावर आजार शोधला,
मग शेजारी बायको दिसते का ते पाहिलं,
मग पुन्हा धारेकडे वळला.

गॅसच्या कार्यालयात काल असंच.
बाईंनी अर्जावर पेन टेकवलं: इथं कायमचा पत्ता.
हात आपोआप विनिपेगचा कोड लिहायला लागला,
एक अक्षर, एक आकडा, एक अक्षर.
"खोडू नका," त्या म्हणाल्या,
"खाडाखोड चालत नाही. दुसरा फॉर्म घ्या."
एकोणीस वर्षं, आणि दुसरा फॉर्म फुकट मिळतो.

सर्जेरावानं ग्लास पुढं केला.
फेस काठावर, काच गरम,
आणि काचेभोवती त्याचा डावा हात:
अंगठा, दोन बोटं,
आणि दोन अर्धी.

"कधी?"
"झाली की सात वर्षं. प्रेसमध्ये."
"बोलला नाहीस."
"तू काय करणार हुतास तिथनं?"

सात वर्षं.
म्हणजे साडेतीनशे रविवार तरी,
माझी सकाळ, त्याची संध्याकाळ.
मी त्याचा नवा फ्रीज बघितला,
ऋतुराजची दहावीची मार्कलिस्ट,
शैलजावहिनींनी भरलेली लोणच्याची बरणी,
एकदा तर अख्खा रंकाळा, गच्चीवरनं,
झूम करून.
कधी सुचलंच नाही
की ज्या हातानं फोन धरलाय
तो हात फोनमध्ये दिसत नाही.

मला सांगायचं होतं
की त्याच वर्षी माझी नोकरी गेली होती.
अकरा महिने मी रात्रपाळीला
गोदामात खोकी उचलली,
आणि रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून
त्याच्यासमोर बसायचो.
खाली गोदामाची पँट.
"कंपनी काय म्हणत्या?" तो विचारायचा.
"मस्त," मी म्हणायचो.
सांगणारच होतो,
तेवढ्यात मागनं दुसरी म्हैस आली
आणि आम्हाला बाजूला व्हावं लागलं.

दिवस गेले. जीभ सैल झाली थोडी.
पुतण्या मॅचला घेऊन गेला, स्टँडवर बसताना म्हणाला,
"काका, आपण कुणाचे ते तरी म्हायत हाय न्हवं?
चुकीच्या गोलला टाळ्या वाजवू नका."
वाजवल्या. एकदाच.

अडीच महिन्यांनी सामान आलं, मुंबईहून ट्रकनं.
उद्यमनगरात, तीन लेथच्या मध्ये,
खोकी फोडत बसलो दोघं.
तळाशी एक रुंद खोरं निघालं,
निळं, दांडा वाकडा.
का आणलं ते मलाही माहीत नाही.
पॅकिंगवाल्यानं विचारलं तेव्हा
मी मान हलवली असेल.

सर्जेरावानं ते उचललं, तोललं,
लेथखालच्या बुराद्यात घुसवलं.
एका खेपेत अर्धा ढीग.
"भारी हाय की," म्हणाला,
"तिकडं ह्यानं काय करायचास?"
"बर्फ काढायचो. दारातला."
"रोज?"
"पडला की रोज. पहाटे चारला. गाडी निघायला पायजे."
"एकटाच?"
"एकटाच."

लेथ बंद होता, दुपारची वेळ.
तो खोऱ्याच्या दांड्याकडे बघत राहिला,
जिथं माझे हात लागून लागून
रंग गेला होता.

"आणि बोलला न्हाईस कधी,"
सर्जेराव म्हणाला,
आणि उरलेला ढीग भरायला लागला.